‘स्पोर्ट’ येईपर्यंत

सकाळी सात

शनिवारी आमचं शटर तासभर आधी वर जातं. गोविंदपुऱ्यातल्या शेजारच्या कारखान्यांत तेव्हा सामसूम असते, पण माझ्या गिऱ्हाइकांचा हा हक्काचा वार. मंडीदीपच्या कंपन्यांत नोकरी करणारी पोरं, एमपी नगरातल्या कोचिंगचा एक फिजिक्सचा मास्तर, कोलार रोडचा दातांचा डॉक्टर, दोन-तीन सरकारी बाबू. यांच्या गाड्या बिघडलेल्या नसतात, त्यांना त्या बिघडू द्यायच्या नसतात. नव्या गाडीचे हप्ते सहज भरतील अशी ही माणसं. तरीही दहा-बारा वर्षं जुनी स्विफ्ट नाहीतर पोलो घेऊन माझ्या दारात उभी असतात, कारण त्यांना हवी ती गाडी अजून आलेली नाही.

हवी ती म्हणजे स्विफ्ट स्पोर्ट. चेहरामोहरा घरातल्या स्विफ्टचाच, पण आत १४०० सीसीचं टर्बो इंजिन, १४० अश्वशक्ती, सहा गिअर आणि वजन फक्त ९७० किलो. हे २०१७ मध्ये निघालेल्या गाडीचे आकडे. इथल्या पोरांना ते स्वतःच्या मोबाइल नंबरसारखे पाठ आहेत. जपानात सुझुकी स्पोर्ट विकायला लागली २००३ पासून. आपल्याकडे साधी स्विफ्ट २००५ च्या मेमध्ये आली, दुसरी पिढी २०११ ला, तिसरी २०१८ ला, चौथी २०२४ च्या मेमध्ये. दर वेळी यांना वाटलं, साधीच्या मागोमाग स्पोर्टही येईल. आली नाही. आणि २०२४ च्या डिसेंबरात सुझुकीने जपानातल्या स्पोर्टची ‘फायनल एडिशन’ जाहीर केली, उत्पादन २०२५ च्या नोव्हेंबरपर्यंत. जुनी आटोपली. आता पुढची कशी असेल, कधी येईल आणि इकडे येईल का, यावर माझ्या गॅरेजातला निम्मा चहा खर्च होतो.

आमचं घर मूळ नागपूरचं. १९५६ मध्ये नवं मध्य प्रदेश झालं, राजधानी नागपूरहून उठून भोपाळला आली, आणि आजोबा सचिवालयातल्या फायलींबरोबर इकडे आले. घरात अजून ‘काहून’ आणि ‘बाप्पा’ चालतं. गॅरेजात मात्र उस्तादांची भोपाळी. उस्ताद म्हणजे आमचे मोठे मिस्त्री, जहांगीराबादचे. प्रत्येक वाक्यात एक ‘खां’ टाकल्याशिवाय त्यांचा पाना फिरत नाही.

साडेसात

थंड इंजिन खोटं बोलत नाही. ज्या गाडीचं नीट निदान करायचं ती मी आदल्या रात्रीच ठेवून घेतो. आज आहे भेलच्या साहेबांची चंदेरी स्विफ्ट. २००६ ची, पहिल्या पिढीची, १३०० सीसीवाली. साहेब मूळचे अमरावतीचे, भेलमध्ये पाण्याच्या टर्बाइनच्या कामातून निवृत्त झाले. गाडीची वही ठेवतात. तेल कधी बदललं, कोणतं घातलं, किती किलोमीटरला, सगळं निळ्या शाईत.

उस्ताद चावी फिरवतात, मी बॉनेटशी कान लावून उभा. पहिले तीन-चार सेकंद वरून टॅपेटची टकटक येते, मग तेल वर चढतं आणि आवाज बसतो. एवढ्या वयाच्या इंजिनाला एवढं चालतं. गाडी गरम झाल्यावर चारही प्लग काढून कॉम्प्रेशन बघतो. पहिल्या सिलिंडरला काटा १७० च्या जरा वर थांबतो, दुसऱ्याला तेवढाच, तिसऱ्याला थोडा खाली, चौथ्याला पुन्हा वर. चार सिलिंडर आपसात इतके जुळलेले असले की मी समोरच्याला आकडा सांगत नाही, नुसती मान हलवतो. प्लगचं टोक फिक्या बदामी रंगाचं, कोरडं.

खरी काळजी पेट्रोलच्या रबरी पाइपांची. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आणि ही गाडी बनली तेव्हा असं काही कोणाच्या डोक्यात नव्हतं. टाकीजवळचा पाइप बोटांत धरून वाकवला, तर बाहेरच्या वळणावर केसासारख्या बारीक भेगा. आज गळत नाहीये. पण उन्हाळ्यात हा पाइप मी कोणाच्या गाडीत ठेवणार नाही. पाइप, क्लिपा, ओ-रिंग सगळं बदलायचं.

आठला साहेब स्वतःच आले, स्वेटर, मफलर आणि हातात वही.

“कसं काय रे?”

“इंजिन ठणठणीत, साहेब. पाइप बदलतोय. पण आरसी एप्रिलात संपतेय बरं का.”

पेट्रोल गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नवी करून घ्यायची. साहेबांची २०२१ मध्ये एकदा झाली आहे, आता दुसरी पाळी.

“बघू. पुढची पिढी कशी येते ते बघतो, मग ठरवतो.”

“२०११ मध्येही हेच म्हणाला होतात.”

“तेव्हा जी आली ती १२०० ची होती. मी कशाला घेऊ?”

यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे.

नऊ

पोहे आले, वर शेव, बाजूला पुड्यात जलेबी. चहा मिठाचा, भोपाळच्या बाहेरून आलेला माणूस पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतो आणि आठवडाभरात तोच मागायला लागतो. याच वेळेला जीएसटी खात्यातले आमचे बाबू येतात. त्यांची गाडी २०२२ ची स्विफ्ट, ९० अश्वशक्तीवाली, चार सिलिंडरची. तीच साध्या स्विफ्टमधली शेवटची चांगली, असं त्यांचं ठाम मत. २०२४ च्या चौथ्या पिढीत इंजिन तीन सिलिंडरचं झालं आणि ताकद ८२ वर उतरली. मायलेज वाढलं, कंपनीच्या आकड्याप्रमाणे लिटरला २५ किलोमीटरच्या आसपास. बाबूंना मायलेजचं कौतुक नाही.

स्पोर्ट का येत नाही हे या माणसाइतकं सोपं करून मला कोणी सांगितलं नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात ‘लहान गाडी’ची व्याख्या ठरली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत, डिझेल १५०० च्या आत. त्यात बसणाऱ्या गाडीचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं. त्या दिवसापासून भारतातल्या गाड्या मोजपट्टी लावून कापल्या जाऊ लागल्या. स्विफ्टचं १३०० चं पेट्रोल इंजिन जाऊन १२०० चं आलं ते २०१० मध्ये, त्याच हिशोबाने. पुढे जीएसटी आला तरी रेघ तीच राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर दरी आणखी रुंद झाली. रेघेच्या आत १८ टक्के, बाहेर ४०.

“आता स्पोर्ट बघा,” बाबू पोह्यातली मिरची बाजूला काढत म्हणतात. “लांबी ३८९० मिलिमीटर. आत बसते. इंजिन १३७३ सीसी. बाहेर गेली. पावणेदोनशे सीसीसाठी २२ टक्के जास्त कर. गिऱ्हाईक म्हणणार, एवढ्या पैशांत मोठी एसयूव्ही येते की.”

“मग १००० सीसीचं टर्बो घाला. फ्रॉन्क्समध्ये आहेच.”

“तेच तर मी म्हणतोय!” बाबू इतक्या जोरात म्हणाले की रॅम्पखालचा पोऱ्या दचकला. दिवसभर लोकांच्या करचोऱ्या शोधणारा हा माणूस शनिवारी सकाळी सरकारच्या कराच्या रेघेला अगदी मनापासून शिव्या घालतो, आणि मला ते बघायला फार आवडतं.

साडेदहा

आजचं मोठं काम आलं. मंडीदीपचा एक पोरगा, तिशीच्या आतला, दिल्लीहून पोलो जीटी टीएसआय घेऊन आलेल्या दलालाबरोबर. २०१४ ची, लाल, दिल्लीची पाटी. दिल्लीत डिझेल गाडीची उमर १० वर्षं धरतात, पेट्रोलची १५, त्यामुळे तिथल्या मालकाला गाडी काढायची घाई असते आणि ती गाडी स्वस्तात आमच्याकडे उतरते. एनओसी आणायची, इथला रोड टॅक्स भरायचा, एमपी ०४ चा नंबर घ्यायचा. हा खर्च दलाल शेवटी सांगतो, मी आधी सांगतो, म्हणून दलालांना मी फारसा आवडत नाही.

पोलोबद्दल थोडं सांगायला हवं. फोक्सवॅगन ती पुण्याजवळच्या चाकणला बनवायची. २०१० मध्ये आली, २०२२ मध्ये बंद झाली. बाहेरच्या देशांत २०१७ ला नवी पिढी आली, ती भारतात आलीच नाही; इथे जुनीच विकत राहिले आणि लोक घेत राहिले. मधे २०१६ च्या शेवटी तिची जीटीआय आली होती, तीन दारांची, १९२ अश्वशक्तीची, २५ लाखांच्या वर. तेवढ्या पैशांत लोकांनी दुसरंच काहीतरी घेतलं. रस्त्यावर दिसली तर आजही पोरं गाडी वळवून मागे जातात. पण जीटी टीएसआय मात्र नोकरदाराला झेपणारी होती: २०१३ ला आली, १२०० सीसीच्या रेघेत नेमकी बसवलेली, टर्बो, १०५ अश्वशक्ती, सात गिअरची ऑटोमॅटिक डीएसजी. जर्मनांना आपल्या कराची रेघ बरोबर कळली होती.

तपासणीला मी घाई करत नाही. पोराचा जीव आधीच लाल रंगात अडकलेला असतो, तेव्हा निदान दुसऱ्या कोणीतरी शांत राहावं. बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट आधी. पान्याचा ओरखडा आहे का, बोल्टच्या टोकावरचा रंग तुटलाय का. उजवीकडचा तुटलेला. म्हणजे बॉनेट कधीतरी उतरलं होतं. मग दारांचं रबर थोडं ओढून आतल्या पत्र्यावरचे कारखान्यातले वेल्डचे गोल ठिपके बघायचे. ते एका अंतरावर, एका मापाचे असतात, डेंटरच्या हाताला तसे जमत नाहीत. बाकीची तीन दारं ठीक, पुढच्या उजव्या खांबाशी ठिपके गायब आणि वर पुटीचा मऊ फुगवटा. नखाने वाजवलं तर आवाज बद्द. काचांवर बनवल्याचं साल कोरलेलं असतं. पाच काचा २०१४ च्या, पुढची २०१९ ची. टायरवरचे चार आकडे आठवडा आणि साल सांगतात. दोन टायर एका सालचे, दोन दुसऱ्या. एवढ्यावरून गोष्ट अर्धी कळते. २०१९ च्या आसपास उजवीकडून मार खाल्लेली गाडी.

मग स्कॅनर. दलाल हसत म्हणाला, “एकही एरर नाही, बघा.” खरंच एकही नव्हता. पण गाडीचा संगणक आपल्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्या की नाही याचीही नोंद ठेवतो, आणि इथे बहुतेक चाचण्या ‘अपूर्ण’ दाखवत होत्या. म्हणजे कोणीतरी काल-परवाच एरर पुसून टाकलेत, आणि गाडी त्यानंतर पुरेशी चाललीच नाही. मी दलालाला म्हटलं, “चार दिवस चालवा, मग आणा. तेव्हा एरर नसेल तर मी स्वतः पोराला घ्यायला सांगतो.”

दलाल निघून गेला. पोरगा थांबला. “भाऊ, मग काय करू? आता नव्या पोलो तर बनत पण नाहीत.”

हाच तो प्रश्न. त्याला मी म्हटलं ते इथेही लिहितो, कोणाच्या कामी आलं तर बघा. बंद झालेली आवडती गाडी घ्यायची असेल तर किलोमीटर बघू नका, मालक बघा. वही ठेवणारा मालक शोधा. अशी गाडी बाजारात येत नाही, ओळखीत विकली जाते, आणि तिला वेळ लागतो. पोराने विचारलं, तोपर्यंत काय चालवू? मी म्हटलं, जी आहे ती. त्याच्याकडे वडिलांची जुनी वॅगन आर आहे. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

एक

डबा. भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. उस्तादांना ठेच्याची चटक माझ्या आईने लावली. पंधरा मिनिटांत आटपून पोऱ्याला कबाडखान्यात पाठवला, बाबूंच्या गाडीच्या एका प्लास्टिकच्या झाकणासाठी. नवं मिळतं, पण संपूर्ण जुडग्यासकट घ्यावं लागतं.

अडीच

दुपारच्या वेळेला एक ठरावीक जात येते: ज्यांना थांबायचं नाही, आहे त्याच गाडीची स्पोर्ट करून हवी आहे. आजचा उमेदवार बीटेकच्या शेवटच्या वर्षाचा. तिसऱ्या पिढीची साधी स्विफ्ट, आईच्या नावावर. त्याला १७ इंची अलॉय, फाटक्या आवाजाचा सायलेन्सर आणि संगणकाचा ‘रिमॅप’ हवा होता. मापं त्याने जपानी स्पोर्टची आणली होती, १९५/४५ आर १७.

त्याला एकेक करून समजावलं. साध्या इंजिनात टर्बो नाही, त्यामुळे रिमॅप करून हाताला लागेल असं फारसं काही मिळत नाही. टर्बो इंजिनात वीस-तीस टक्के ताकद वाढते, इथे चार-पाच अश्वशक्ती वाढली तरी नशीब, आणि वॉरंटी गेली ती गेलीच. ४५ चा टायर म्हणजे रबराची बाजू जेमतेम चार बोटं. भोपाळच्या पहिल्याच बिनरंगाच्या स्पीडब्रेकरवर अलॉयचा काठ वाकणार. सायलेन्सर मी बसवतच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडी कंपनीच्या मूळ आखणीबाहेर बदलू देत नाही, २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. पोलिस सायलेन्सर काढून त्यावर रोडरोलर फिरवतात, त्याचे फोटो पेपरात येतात, आणि गाडी तर आईच्या नावावर.

“मग करू काय?”

“चांगले टायर घे, १५ इंचीच. ब्रेक ऑइल बदल, किती वर्षं बदललं नाहीये ते बाटलीत बघ, चहासारखं काळं झालंय. पुढचे ब्रेक पॅड चांगले घाल. आणि लोअर आर्मचे बुश.”

त्याला हे अजिबात पटलं नाही. शेवटी निघताना ब्रेक ऑइल मात्र बदलून गेला. दुसरीकडून कुठून तरी अलॉय घालेलच. पावसाळ्यानंतर वाकलेला रिम सरळ करायला माझ्याकडेच येईल.

साडेचार

ज्या गाडीच्या चाकांच्या जोडणीचं काम केलं ती चालवून बघितल्याशिवाय मी देत नाही. डॉक्टरांच्या २०१६ च्या स्विफ्टला आज चारही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म आणि नवे टायर पडलेत. अलाइनमेंट झालं. डॉक्टर स्वतः शेजारी बसले.

शहर ओलांडून भदभद्यावरून कलियासोतच्या कडेने केरव्याकडे निघालो. हा रस्ता माझ्या कामाचं खरं मोजमाप आहे. चढ, उतार, एका मागोमाग वळणं, मधेच खडबडीत पट्टा, मधेच गुळगुळीत. वेग लागत नाही. लावूही नये, या जंगलात वाघ फिरतात, ही काही शोभेची गोष्ट नाही, खरोखर फिरतात. पन्नास-साठच्या वेगात गाडी बोलायला लागते. पहिल्या डाव्या वळणात मी स्टिअरिंग थोडंसं दिलं आणि हात तिथेच ठेवला. काम करण्याआधी हीच गाडी वळणात आधी थोडी थबकायची, मग झुकायची, मग वळायची, आणि मधे मला स्टिअरिंग दोनदा सुधारून घ्यावं लागायचं. आता एकदाच वळवायचं. पुढचा टायर रस्ता धरतो ते तळव्यात कळतं, मागचा भाग मुकाट्याने मागून येतो. खडबडीत पट्ट्यावर पूर्वी डॅशबोर्डमधून खुळखुळ यायची, ती शॉकअपची होती. गेली.

डॉक्टरांना चालवायला दिली. तीन वळणं झाली आणि ते गाडी बाजूला घेऊन हसायला लागले.

“भाऊ, हीच ना ती?”

“काय हीच?”

“स्पोर्टमध्ये जे मिळणार होतं ते.”

सगळं नाही मिळत. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की कळतं, टर्बोचा तो रेटा इथे नाही. पण चालवायला मजा येणारी छोटी गाडी म्हणजे काय, याचं निम्म्याहून जास्त उत्तर वजनात आणि चाकांच्या जोडणीत असतं, आणि आपल्या साध्या स्विफ्टमध्ये ते सुरुवातीपासून आहे. म्हणून तर ही माणसं तिच्यापासून सुटत नाहीत. गाडी बेतास बात असती तर कधीच एसयूव्ही घेऊन मोकळी झाली असती. स्पोर्टचा नाद लावला तो साध्या स्विफ्टनेच, आणि बिल माझ्याकडे फाटतं. मी तक्रार करत नाही.

साडेसहा

परतलो तेव्हा मंडळी जमलेली. मास्तर, बाबू, बीटेकवाल्याचे दोन दोस्त, आणि बाहेर ओळीने उभ्या पाच-सहा छोट्या गाड्या. चहा पुन्हा.

पोरांनी विषय काढला विजेचा. फोक्सवॅगनने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की पुढची छोटी विजेची गाडी पोलोच्याच नावाने येईल आणि तिची जीटीआयही निघेल. पुढची स्विफ्ट स्पोर्टही बॅटरीची मदत घेणारी असेल, असं पोरांचं म्हणणं. मास्तर संतापले. बॅटरी म्हणजे वजन, आणि स्पोर्टचं सगळं गमक ९७० किलोत आहे. त्यांनी पोऱ्याकडून खडू घेऊन फरशीवर वजन आणि ताकदीचं गुणोत्तर मांडलं. कोचिंगची सवय.

मी मधे पडलो, कारण मला एक गोष्ट कधीची बोलायची होती.

“२०१५ मध्ये अबार्थ पुंटो आली. रांजणगावची, १४५ अश्वशक्ती, दहा लाखांच्या आतबाहेर. कोणी घेतली?”

कोणी बोलेना.

“२०१७ मध्ये बलेनो आरएस आली. मारुतीचीच. १००० सीसीचं टर्बो, १०२ अश्वशक्ती, मागेही डिस्क ब्रेक. बाबू जे आज सकाळी मागत होते नेमकं तेच. २०२० मध्ये बंद झाली. २०१८ मध्ये टाटाने टियागो जेटीपी आणली, ११४ अश्वशक्ती. तीही गेली. यातली कोणाकडे आहे?”

“माझ्या आतेभावाकडे जेटीपी होती,” एक पोरगा म्हणाला.

“होती.”

बाबूंनी जरा अवघडून सांगितलं की आरएस घ्यायला ते शोरूममध्ये गेले होते, पण घरच्यांना मोठी डिकी आणि सनरूफ हवं होतं. “आणि ती बाहेरून साध्या बलेनोसारखीच दिसायची, खां.” एवढे पैसे जास्त टाकायचे आणि शेजाऱ्याला कळू नये, हे आपल्याकडे चालत नाही. हसू आलं, पण ते खरं आहे. कंपनीला वाट बघणारी माणसं दिसत नाहीत, विकत घेणारी दिसतात. आणि कंपनीच्या वहीत २०१५ ते २०२० चा तो काळ लाल शाईत लिहिलेला आहे. आज टाटाच्या अल्ट्रोझ रेसरचं नाव निघतं, १२० अश्वशक्ती, २०२४ ची. तिच्याबद्दलही आमच्या अड्ड्यावर कौतुक ढीगभर आहे, चावी मात्र कोणाच्या हातात नाही.

मास्तर मात्र गप्प बसणारे नव्हते. फरशीवरचं गणित पुसून त्यांनी १९७६ लिहिलं.

“पहिली गोल्फ जीटीआय. ११० अश्वशक्ती, आठशे किलोंच्या थोडी वर. कंपनीलाच खात्री नव्हती, पाच हजारच बनवू म्हणाले होते. पहिल्या पिढीच्या साडेचार लाखांहून जास्त विकल्या गेल्या. त्यांच्याही वहीत आधी काही नव्हतंच.”

“तिकडे रस्ते होते, मास्तर.”

“आणि गेल्या वर्षी आपल्याकडे? गोल्फ जीटीआयची पहिली दीडशे गाड्यांची खेप. किंमत ५३ लाख. ती जाहीर व्हायच्या आधीच सगळ्या बुक!”

“दीडशे. १४० कोटींत.”

“सुरुवात आहे ही.”

इथे आमचं कधीच जमत नाही. मला वाटतं, ५३ लाखवाल्या माणसाचा आणि माझ्या गॅरेजात बुश बदलणाऱ्या माणसाचा एकमेकांशी काही संबंध नाही. पहिला मोठ्या गाड्यांच्या रांगेत आणखी एक छोटी उभी करतो; दुसऱ्याची ती एकुलती एक गाडी असते, तिच्यातूनच पोरं शाळेत जातात आणि दिवाळीला नागपूर-अमरावती होते. दुसऱ्याला परवडेल अशी स्पोर्ट हवी असेल तर ती इथेच बनायला हवी, १२०० च्या रेघेत, आणि दिसायला वेगळी. मास्तर म्हणतात मी गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून असं बोलतो. तेही अगदी खोटं नाही.

उस्तादांनी तेवढ्यात आतून आवाज दिला, “को खां, मीटिंग झाली असेल तर गाड्या हलवा, मला शटर लावायचंय.” सगळे उठले.

साडेआठ

वही लिहायला बसलो. आजची कामं, उधारी, सोमवारी मागवायचे भाग. स्विफ्टच्या पहिल्या पिढीचे भाग आता दुकानदार सवडीने देतात, म्हणून लागतात त्याच्या दुप्पट घेऊन ठेवायची सवय लावलीय. मंडीदीपच्या पोराचं नाव एका कागदावर लिहून काचेखाली सरकवलं. अरेरा कॉलनीत एक जण पोलो विकणार आहेत, वही ठेवणारे आहेत, पण त्यांची बदली नक्की व्हायची आहे.

साहेबांचा फोन आला.

“अरे, मी विचार केला. पुढची पिढी यायला अजून वेळ दिसतोय.”

“मलाही तेच वाटतंय, साहेब.”

“मग आरसीचं काय करायचं असतं?”

“कोकत्याला आरटीओत गाडी तपासून घ्यावी लागेल. विमा, पीयूसी, आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावली नसेल तर ती आधी. बुधवारी गाडी द्या, मी तपासणीपुरतं सगळं करून ठेवतो.”

“पाच वर्षांचीच होते ना?”

“हो.”

“करून टाक. आणि मागच्या डावीकडून टकटक येतेय, सकाळी सांगायचं राहिलं. शॉकअप बघ. चांगला घाल, स्वस्तातला नको.”